पश्चिमेकडची नर्स

ओल्ड एअरपोर्ट भागातला तो व्हिला पाडायला घेतला, तेव्हा मी कामानिमित्त दोह्यात होते. फाटक उचकटून कंपाउंडच्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं. मुकादमाने आधी आत जायला नाही म्हटलं, मग स्वतःचं हेल्मेट काढून पुढे केलं. आतल्या भिंतींपैकी सगळ्यात आधी पडली होती ती जिप्समची. एक मोठा व्हिला तीन भाडेकरूंना देता यावा म्हणून घरमालकाने ती मधे उभी केली होती. इतकी पातळ, की पलीकडे कपात चमचा फिरला तर अलीकडे कळायचं. अलीकडचं स्वयंपाकघर माझ्या मावशीचं, पलीकडचं नीनाचं. आता दोन्ही मिळून एकच खोली झाली होती. दोन सिंकच्या जागा, दोन गॅसच्या नळ्यांची भोकं आणि मधोमध फरशीवर भिंत होती तिथे एक पांढरा पट्टा.

वास मात्र उरला नव्हता. चुन्याची धूळ तेवढी नाकात जात होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा या जागेला निदान चार वास होते. सकाळी मावशीच्या गणवेशाला कडक इस्त्रीचा. दुपारी एसीतून ठिबकणाऱ्या पाण्याने भिजलेल्या प्लास्टरचा. संध्याकाळी पलीकडून शेपूचा. आणि हिवाळ्यात गच्चीवरून, कपड्यांच्या दोरीशेजारी वाळत घातलेल्या बोंबलांचा.

मी तेव्हा तिथल्या एका इंग्रजी दैनिकात डेस्कवर होते आणि मावशीकडे राहत होते. फिलोमिना मावशी वसईची. सरकारी रुग्णालयात डोळ्यांच्या विभागात नर्स. तिचे यजमान बेनी काका एका शिपिंग कंपनीत हेडक्लार्क. पलीकडच्या घरात नीना आणि तिचा नवरा आंद्रेय. आंद्रेय रास लफानच्या गॅस प्रकल्पावर पाइपांचं वेल्डिंग तपासायचा. पहाटे कंपनीच्या बसने जायचा आणि अंधार पडता पडता यायचा. नीना घरीच मुलांना पियानो शिकवायची. पियानो म्हणजे इलेक्ट्रिक कीबोर्ड. तेच सात सूर, वर आणि खाली, वर आणि खाली, आमच्या डाळीच्या फोडणीत मिसळून जायचे.

उन्हाळा सरला, खिडक्या उघडता येऊ लागल्या, तेव्हा नीनाची आई स्मोलेन्स्कहून आली. क्लावदिया पेत्रोव्ना. नीना तिला मामा म्हणायची, म्हणून मावशीही मामा म्हणू लागली. बेनी काकांना ते शेवटपर्यंत जमलं नाही. "आईच्या भावाला हाक मारल्यासारखं वाटतं," म्हणायचे. बुटकी, रुंद खांद्यांची बाई. डोक्याला रुमाल, अंगात लोकरी जाकीट, कतारच्या ऑक्टोबरमध्येसुद्धा. तागाच्या कापडाच्या गिरणीत आयुष्य गेलेलं. डावा डोळा लहानपणीच, लढाईच्या वर्षांत, तापात गेला होता. उजव्यात मोतीबिंदू उतरला होता. तो काढायलाच नीनाने तिला आणलं होतं.

चालताना ती भिंतीला बोटांची टोकं लावून चालायची. विमानतळ जवळच होता, विमानं गच्चीवरून अगदी कमी उंचीने जात. आवाज आला की ती बोलता बोलता थांबायची, मान तिरपी करायची आणि विमान पूर्ण उतरेपर्यंत तशीच राहायची. मग तुटलेलं वाक्य जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू.

पहिली ओळख वासाने झाली. मावशीने वसईहून आलेले बोंबील गच्चीवर पुन्हा उन्हात टाकले होते. वर राहणाऱ्या लेबनीज कुटुंबाने वासाबद्दल घरमालकाकडे तक्रार केली होती आणि मावशी घाईघाईने टोपली भरत होती. तेवढ्यात क्लावदिया पेत्रोव्ना जिन्याचा कठडा धरून वर आली, वासाच्या दिशेने सरळ चालत टोपलीपाशी पोचली, एक बोंबील उचलला, कानाशी धरून मधोमध मोडला. कडकन आवाज आला असावा. तिने समाधानाने मान हलवली आणि तसाच, न भाजता, चावायला सुरुवात केली.

"अगो बाय, कच्चाच खाते ही!" मावशी म्हणाली.

त्यांच्याकडेही मासळी वाळवून तशीच खातात, हे नीनाने नंतर सांगितलं. त्या दिवसापासून मागच्या दाराने पदार्थ ये-जा करू लागले. इकडून बोंबील, नाताळात मैद्याचे तळलेले फुगे. तिकडून बिटाचं सूप, वर हाताने चुरलेला शेपू. शेपू भाजीत न शिजवता असा कच्चा, फुलासारखा वर टाकायचा, हे मावशीला पटत नसे. "इतका चांगला शेपू," म्हणायची, "आणि मुगाची डाळ नाही त्यात." पदार्थ जात-येत होते. माणसं अजून उंबरठ्यापर्यंतच होती.

ऑपरेशन फेब्रुवारीत ठरलं. सर्जन इंग्रज होता. उंच, सडसडीत, सगळ्यांशी हसून बोलणारा. विभागातल्या सगळ्यांचं त्याच्याबद्दल चांगलं मत होतं. क्लावदिया पेत्रोव्नाचं नव्हतं. तपासणीहून परत आल्यावर नीनाच्या स्वयंपाकघरातला वाद भिंतीतून आमच्याकडे ऐकू आला. रशियन आम्हाला कळत नव्हतं, पण वाद कळतो. नीना दाराशी येऊन हताशपणे हसली.

"ती म्हणते, हा माणूस हसतो कशाला? माझा डोळा जायला आलाय, यात हसण्यासारखं काय आहे? जर्मन असता तर एक वेळ समजलं असतं, म्हणे, जर्मन निदान तोंड आवळून येतो."

आणखी एक गोष्ट ती म्हणाली होती, ती आंद्रेयने सांगितली. सोव्हिएत युनियन मोडल्यावर पश्चिमेचे सल्लागार मॉस्कोला आले होते. त्यांनी अर्थव्यवस्थेवर जो उपाय सांगितला त्याला लोक शॉक थेरपीच म्हणत. क्लावदिया पेत्रोव्नाची गिरणी त्याच काळात बंद पडली. "पश्चिमेच्या डॉक्टरांचं औषध मी एकदा घेतलंय," ती म्हणाली, "आता डोळ्यात नको."

तरी नीनाने तिला तयार केलं. पुढे ऑपरेशन थिएटरमध्ये जे झालं ते मी पाहिलेलं नाही. मावशीने सांगितलं ते असं. प्रत्येक ऑपरेशनआधी मावशी स्वतःवर क्रूसाची खूण करते. गुपचूप, कोपऱ्यात तोंड करून. देश दुसऱ्यांचा, म्हणून कुणाला दिसू नये अशी. त्या दिवशी घाईत ती पेशंटसमोरच उभी होती. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. क्लावदिया पेत्रोव्नाला समोरच्या माणसाचं नाक-डोळे दिसत नव्हते. पण पांढऱ्या गणवेशावरून हलणारा हात कुठून कुठे गेला, तेवढं नेमकं दिसलं. त्यांच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये हात आधी उजव्या खांद्याला जातो. ती टेबलावरून उठून बसली.

"ही कॅथलिक आहे?" तिने भाषांतरासाठी दाराशी उभ्या असलेल्या नीनाला विचारलं.

"हो, मामा. पण ती इंडियाची आहे."

"कॅथलिक म्हणजे पश्चिम. डॉक्टर पश्चिमेचा, नर्सही पश्चिमेची. मधे मी एकटी, आणि डोळा एकच."

आणि पाय खाली सोडून तिने चपला शोधायला सुरुवात केली. इंग्रज डॉक्टर म्हणाला, काही हरकत नाही, पुन्हा कधीतरी. म्हणताना तो हसला, त्यामुळे उरलंसुरलंही गेलं.

घरी मावशी गणवेश न बदलता खुर्चीत बसून राहिली. बेनी काकांना थट्टा सुचली.

"चुकीचं काय आहे म्हातारीचं? तू वेस्टचीच. वसई वेस्ट."

"तुम्हाला हसायला येतंय. इतकी वर्षं थिएटरला काढली, माझ्यामुळे पेशंट टेबलावरून उठून गेला नव्हता कधी." मग थोड्या वेळाने, "मी पश्चिमेची? मला आजवर कुणी असं म्हटलं नाही. इकडे आम्ही हिंदी, तिकडे गावात आम्ही किरिस्ताव. पश्चिम हे नवीनच निघालं."

त्या आठवड्यात मी ऑफिसच्या लायब्ररीत वाचलं. पूर्वेकडचं आणि पश्चिमेकडचं चर्च फार पूर्वी वेगळं झालं. पुढे पश्चिमेचे क्रूसवीर जेरुसलेमला म्हणून निघाले आणि वाटेत पूर्वेच्या ख्रिस्ती लोकांची राजधानी लुटून गेले. आणखी पुढे पोलंडच्या फौजा मॉस्कोत शिरल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर कॅथलिक पाद्रीही होते. हे सगळं छापील ओळींमध्ये होतं, शाई वाळलेली. क्लावदिया पेत्रोव्नाच्या बाबतीत मात्र ते हाताच्या एका हालचालीत होतं.

बोंबील जाणं बंद झालं. सूप येणंही. हिवाळ्याचा तो सगळ्यात सुंदर भाग होता. सकाळी धुकं विमानतळावरून सरकत आमच्या गल्लीत यायचं, स्कूलबस हॉर्न वाजवत धुक्यातून निघायची आणि कंपाउंडमधल्या एकुलत्या एका बोरीवरून पाणी टपकायचं. भिंतीपलीकडे सूर तसेच वर-खाली होत होते. ते थांबले की बोटांची टोकं भिंतीवरून सरकत गेल्याचा आवाज यायचा. मावशी तेव्हा हातातलं काम थांबवायची.

एका दुपारी पलीकडे काचेचा ग्लास फुटला आणि मागोमाग एक दबका आवाज आला. नीना बाजारात गेली होती. मावशी मागच्या दाराने गेली, मी तिच्या पाठोपाठ. क्लावदिया पेत्रोव्ना ओट्यापाशी उभी होती, उजव्या हाताचं बोट तोंडात धरून. ग्लास किती भरला हे दिसत नाही म्हणून ती त्यात बोट बुडवून उकळता चहा ओतत होती. बोट आधीच्या दिवसांच्या फोडांनी भरलेलं होतं. मावशीने काही न विचारता तिचा हात धरला, नळाखाली नेला आणि तसाच धरून ठेवला. बराच वेळ. पाणी टाकीतलं, कोमट होतं. दोघींपैकी कुणीही हात सोडवून घेतला नाही.

नीना परत आली तोवर तिघी टेबलाशी बसलो होतो. मग नीना मधे बसून बोलली, कधी हिच्या बाजूने, कधी तिच्या.

क्लावदिया पेत्रोव्नाने टेबलावर सुरी आडवी ठेवली. चाचपडत मिठाची बरणी सुरीच्या मध्यावर आणली आणि साखरेचा डबा टोकाला. मीठ म्हणजे स्मोलेन्स्क. साखर म्हणजे मॉस्को. सुरी म्हणजे रस्ता. "डोंगर नाही, समुद्र नाही. हा असा," ती टेबलावरून तळहात फिरवत म्हणाली. "ज्याला यायचं तो येतो. शाळेत इतिहास शिकवायला बाईंना पुस्तक लागायचं नाही, खिडकीतून बोट दाखवायच्या. इथून पोलंडवाले आले. इथूनच फ्रेंच. आमच्या शहराला ही एवढी जाड तटबंदी आहे, तरी आले. मग जर्मन आले तेव्हा मी होते. आमचं गाव जाळलं. आम्ही जमिनीत खड्डा खणून त्यात राहिलो, वरून फांद्या. तिथेच मला ताप आला." तिने डाव्या डोळ्याला बोट लावलं. "प्रत्येक जण येताना म्हणतो, मी तुमच्या भल्यासाठी आलोय. एकही पूर्वेकडून आला नाही."

पूर्वेकडूनही कोणी कोणी आले होते. याच रस्त्याने उलट दिशेने रशियाच्या फौजाही गेल्या आहेत, आणि वॉर्सात किंवा बुडापेस्टमध्ये तशीच एखादी आजी तशीच सुरी टेबलावर ठेवून दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवत असेल. हे मला तेव्हाही माहीत होतं. त्या टेबलाशी ते मी बोलले नाही.

क्लावदिया पेत्रोव्नाने मावशीकडे तोंड वळवलं. "तुमच्याकडेही आले होते ना? तुझं आडनाव नीनाने सांगितलं. परेरा. हे काही इंडियाचं नाव नाही."

"आले होते की." मावशीने स्टीलचा डबा घेऊन टेबलाच्या कडेला ठेवला. "तुमच्याकडे रस्त्याने आले, आमच्याकडे समुद्राने. हा किल्ला. किल्ला बांधला, नावं बदलली, देव बदलला. खूप वर्षं राहिले. मग पुण्याकडून मराठे आले, वेढा दिला, किल्ला घेतला. हे गेले."

"कोण गेले?"

"पोर्तुगीज. आम्ही कुठे जाणार? आमच्या विहिरी तिथे, केळी तिथे, पानवेली तिथे."

"मग त्यांचा देव का ठेवलास?"

मावशीने स्टीलच्या डब्याचं झाकण नीट दाबलं. मला वाटतं, हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. "तो त्यांच्याबरोबर परत गेला नाही," ती म्हणाली. "आमच्याकडेच राहिला. आता मराठी बोलतो."

नीनाने भाषांतर केलं. क्लावदिया पेत्रोव्नाचे रुंद खांदे हलू लागले. ती हसत होती. मी तिला हसताना पहिल्यांदाच पाहिलं. तिने मिठाची बरणी उचलून स्टीलच्या डब्याशेजारी ठेवली.

ऑपरेशनची नवी तारीख ठरली. दोघी मिळून अंडी रंगवायचंही ठरलं, कांद्याच्या सालांत उकळून, लाल. त्या वर्षी आमचा ईस्टर आणि त्यांचा ईस्टर यांत एका आठवड्याचं अंतर होतं. आधी आमचा. ऑपरेशन मधल्या आठवड्यात.

आणि मार्च संपायच्या आत सर्बांच्या राजधानीवर, बेलग्रेडवर, नाटोचे बॉम्ब पडू लागले.

आमच्या डेस्कवर वृत्तसंस्थांच्या तारेचे कागद गुंडाळीतून उलगडत जमिनीपर्यंत यायचे. मी दुपारच्या पाळीहून परतले की आंद्रेय बुटांवर रास लफानची धूळ तशीच घेऊन दारात उभा असायचा.

"काय आलंय?"

"नाटो म्हणतं, लष्करी ठिकाणं."

"आणि बेलग्रेड काय म्हणतं?"

"पूल. घरं."

"मला आधी कोण म्हणतं ते सांगत जा," तो म्हणायचा. "काय म्हणतं ते नंतर. आमच्याकडे सगळं उलटं असायचं. काय ते लिहायचे, कोण ते कधीच नाही." आणि आत जाऊन सासूला दोन्ही सांगायचा. त्याचा उपयोग होत नसे. सर्ब त्यांच्याच चर्चचे, त्यांच्याच बाजूला हात नेणारे. विमानांमध्ये इंग्रजांचीही होती. आता गच्चीवरून विमान गेलं की क्लावदिया पेत्रोव्ना उठून उभी राहायची.

तिने बॅग भरायला घेतली. ऑपरेशन नको, घरी जायचं. बेनी काकांनी नीनाला बाजूला घेऊन विचारलं, "तिकडे स्मोलेन्स्कला नाही होणार?"

"होईल, इन्शाल्ला. रांग आहे. पुढच्या हिवाळ्यापर्यंत कदाचित," नीना म्हणाली. तिने हा अरबी शब्द आमच्यासारखाच उचलला होता.

इंग्रज डॉक्टरने मावशीला सांगितलं की मोतीबिंदू फार पिकलाय. तो डोळ्यातच फुटला तर पुढचं काही सांगता येणार नाही. एकच डोळा असलेल्या माणसाच्या बाबतीत तो वाट बघणार नाही. हे सांगताना तो हसत नव्हता, असं मावशीने मुद्दाम नोंदवलं.

आमच्या ईस्टरच्या संध्याकाळी मावशी पलीकडे गेली. त्या काळी दोह्यात चर्च नव्हतं, एका व्हिलाच्या हॉलमध्ये मिस्साची प्रार्थना व्हायची. तिथूनच आली होती, अंगावर ठेवणीतली साडी. क्लावदिया पेत्रोव्ना बंद केलेल्या बॅगेवर बसली होती.

"मामा," मावशी म्हणाली, "तो इंग्रज कसा आहे ते मी सांगते. मी त्यांना ओळखते."

"किती दिवस?"

"आम्ही? पोर्तुगीज, मग इंग्रज. चारशे वर्षं तर झाली असतील. त्यांचे वाईट कसे असतात ते मला माहीत आहे, आणि चांगला कसा असतो तेही. हा चांगला आहे. हसतो ती त्यांची सवय. आपण नाही का मान हलवत."

"आणि तू? तू पुन्हा तसं करशील." तिने हवेत हात फिरवून दाखवला, डावीकडून उजवीकडे, तिरस्काराने.

मावशी खाली जमिनीवर बसली. साडीची पर्वा न करता. तिने आपले दोन्ही हात क्लावदिया पेत्रोव्नाच्या मांडीवर ठेवले.

"हे धरून ठेव. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. सोडूच नकोस. हातच मोकळे नसतील तर खूण कशाने करीन?"

नीनाने भाषांतर केलं. क्लावदिया पेत्रोव्नाने ते हात चाचपले. बोटं, नखं, अंगठी. बोटांच्या पेरांना साबणाने पडलेल्या चिरा. कितीतरी वेळ ती त्या चिरांवरून अंगठा फिरवत राहिली. गिरणीत काम केलेल्या बाईला त्या हातांवरून काय कळलं ते मला सांगता येणार नाही. ती म्हणाली, "चालेल."

ऑपरेशनच्या सकाळी बेनी काकांनी गाडी काढून एसी चालू ठेवला होता. "यल्ला, यल्ला," दारातून हाका मारत होते. क्लावदिया पेत्रोव्नाने सगळ्यांना आत बोलावलं आणि बसायला सांगितलं. लांबच्या प्रवासाला निघताना त्यांच्यात सगळे क्षणभर गप्प बसतात. "हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे," बेनी काका कुजबुजले आणि चपलांच्या रॅकवर बसले. कीबोर्डच्या स्टुलावर आंद्रेय. मी खिडकीच्या कठड्यावर. एसीतून थेंब पडल्याचा आवाज तेवढा.

थिएटरमध्ये तिने हेच पुन्हा सांगितलं. हेही मावशीच्या सांगण्यावरून. सगळे बसल्याशिवाय मी आडवी होणार नाही. नीनाने संकोचून इंग्रजीत समजावलं. भूलतज्ज्ञ घड्याळाकडे बघू लागला. केरळी टेक्निशियनला बसायला जागा नव्हती, तो पायरीच्या स्टुलावर टेकला. इंग्रज डॉक्टरने निर्जंतुक हातमोज्यांतले हात छातीशी धरले आणि आपल्या गोल स्टुलावर बसला. आणि गप्प झाला. चेहऱ्यावरचं हसू उतरलं, खालचा चेहरा वर आला. थकलेला, वयस्क, गंभीर. क्लावदिया पेत्रोव्नाला तो दिसला नसणारच. पण खोलीतली शांतता खरी आहे की नाही हे तिला ऐकू येत होतं. थोड्या वेळाने ती स्वतःहून आडवी झाली आणि तिने दोन्ही हात बाजूला पसरले. मावशीने ते धरले.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. तिने आधी मावशीकडे पाहिलं. "तुझे केस पिकलेत," म्हणाली. "आवाजावरून मला तू पोरगी वाटायचीस." मग डॉक्टरकडे पाहिलं. तो सवयीने हसू लागला होता.

"त्याला सांग," ती नीनाला म्हणाली, "कालचा चेहरा बरा होता."

"काल तुम्हाला दिसत नव्हतं," डॉक्टर म्हणाला.

"म्हणून तर बरा होता."

यावर तो खरोखर हसला, मोठ्याने, आणि या हसण्याला तिने हरकत घेतली नाही.

बेलग्रेडवरची विमानं तिच्या डोळ्यामुळे थांबली नाहीत. ती जूनपर्यंत चालली. पश्चिमेबद्दलचं तिचं मतही बदललं नाही. "डॉक्टर वेगळा आणि देश वेगळा," एवढंच म्हणायची. पुढचे काही हिवाळे ती येत राहिली, मग गुडघ्यांनी नकार दिला. मावशी आणि काका वसईला परतले. दोन हजारचं दशक संपता संपता दोह्याबाहेर वाळवंटात चर्चेस उभी राहिली, एकाच आवारात, आमचं आणि त्यांचंही. नीना शुक्रवारी तिथे असते. मावशीचा वसईहून फोन आला की ती फोन आईला जोडून देते आणि दोघी एकमेकींना न कळणाऱ्या भाषांत बराच वेळ बोलतात. मधे कुणी लागत नाही, असं नीना म्हणते.

"खलास, मॅडम," मुकादम मागून म्हणाला. जेसीबी सुरू झाला होता. मी हेल्मेट परत दिलं आणि बाहेर आले. रस्त्यावर पाट्या बदलल्या होत्या, पण दुखानकडे जाणाऱ्या रस्त्याचा बाण पूर्वीच्याच दिशेने होता. मी गाडीत बसून थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिले.

त्या वर्षी, क्लावदिया पेत्रोव्ना घरी परतायच्या आधीच्या शुक्रवारी, आम्ही सगळे दुखानला गेलो होतो. दोन गाड्यांत. कतारचा पश्चिम किनारा. वाटेत वाळवंट तळहातासारखं सपाट पसरलेलं. ती खिडकीला नाक लावून बसली होती. "घरासारखं आहे," ती म्हणाली. "फक्त झाडं विसरलेत."

समुद्र उथळ आणि हिरवट होता. ऊन कलत होतं. काकांनी चटई अंथरली, मावशीने डबे काढले. क्लावदिया पेत्रोव्ना एकटी पाण्यापर्यंत गेली, कशालाही हात न लावता, आणि समोर बघत उभी राहिली. वाऱ्याने डोळ्यातून पाणी वाहत होतं. मावशीने काळा चष्मा नेऊन दिला, तो तिने हातातच ठेवला. नजर क्षितिजाच्या एका टोकापासून हळूहळू सरकत दुसऱ्या टोकापर्यंत गेली. मग पुन्हा मागे आली. एकही जागा न सोडता. आंद्रेय सिगारेट पेटवायची थांबला होता. नीना हाक मारायला निघाली, मावशीने तिला मानेनेच थांबवलं.

ती परत आली, चटईवर समुद्राकडे पाठ करून बसली आणि आमच्याकडे तोंड केलं.

"कोणी येत नाहीये," ती म्हणाली. आणि जेवायला काय काय आणलंय ते बघायला डब्यांवर वाकली.